दोरी न टाकणाऱ्या बायकोची गोष्ट

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला वाचनाचं वेड मीच लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यातला माझा पहिला वाटा हा.

मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात मी वीसेक वर्षं मराठी शिकवते. शाळा सातवीपर्यंतची. आमचं घर ख्रिश्चन, माझं माहेर गोव्याच्या हद्दीपलीकडचं. ख्रिश्चन बाई मराठी शिकवते याचं बदलून आलेल्या साहेबांना अजून थोडं नवल वाटतं, गावाला वाटत नाही. स्वयंपाकाच्या शेडमागे सावलीत एक कट्टा आहे. मुलांची जेवणं आटोपली की मी चहा घेऊन तिथे बसायची आणि ती दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडायला घ्यायची. ती तेव्हा पस्तिशीची असेल. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा समुद्रात बुडाला होता. छोटी होडी, एकटाच गेलेला, पोटात दारू. तिसऱ्या दिवशी मिठबावच्या वाळूवर सापडला. घरात आता ती, सहावीत शिकणारी मुलगी आणि सासू.

एक दिवस तिने विचारलं, "बाई, फोनात रोज इतक्या काय वाचतास?"

मी एक कादंबरी वाचत होते. एका ॲपवर तिचा रोज एक भाग यायचा. लेखक टोपणनावाने लिहीत असे, खरा कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्याशा किनाऱ्यावरच्या होडीवाल्या घराण्याची गोष्ट होती. त्यातला थोरला मुलगा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. रागीट, देखणा, पिणारा. आणि त्याची बायको, सोसणारी. साधीच गोष्ट, पण लिहिणाऱ्याला समुद्र ठाऊक होता, म्हणून मला सोडवत नव्हती. मी तिच्या फोनवर ते ॲप घालून दिलं. पंधरा दिवसांत ती माझ्यापुढे गेली. सकाळी भाताखाली जाळ सारताना म्हणायची, "आजचो भाग वाचलास? नाय? मगे सांगनय नाय."

या कादंबरीच्या वाचकांचा फोनवर एक गट होता. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या, परदेशातल्यासुद्धा बायका, थोडे पुरुष. नुसतं वाचून त्यांचं भागत नसे. त्याच पात्रांना घेऊन ते स्वतःच्या गोष्टी लिहीत. मूळ कथेत तांडेल बायकोला बाजारात नेत नाही, तर हे नेत. तिथे ती आजारी पडत नाही, तर हे पाडत. या गोष्टींना गटात 'फांदी' म्हणत. आज कुणाची फांदी आली, किती छान फुटली, असं चालायचं. फांदी गटावर टाकायची तर आधी तिघा ॲडमिनपैकी एकाकडे पाठवायची. मी मराठीची शिक्षिका म्हणून माझ्याकडे शुद्धलेखन आलं होतं. दुसरी ॲडमिन पुण्याची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिसरी नावापुरती होती.

आता आठवलं की मला लाज वाटते ती एका गोष्टीची. सगळ्यांत जास्त बदाम, म्हणजे पसंतीची लाल हृदयाची चित्रं, मिळायचे ते तांडेलाच्या रागाच्या फांद्यांना. त्याने बायकोचा हात पिरगळला, तिला दाराबाहेर उभी केली, थोबाडीत मारली, आणि मग पहाटे तिच्या उशाशी सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा ठेवला. खाली शंभर जणी लिहीत, 'हाय, असा राग कुणीतरी आपल्यावर धरायला हवा.' आम्ही कुणी म्हटलं नाही की हे बरं नव्हे. गोष्टच तर आहे, असं म्हणायचो. त्या थपडांचे ऱ्हस्व-दीर्घ मी नीट तपासून दिलेले आहेत.

शाळा नुकती उघडलेली, मृग कोरडा चाललेला, उकाड्याचे दिवस होते. ती पदराला हात पुसत माझ्यापाशी आली. "बाई, मी पण एक फांदी लिवलंय. बघशात?"

मी हसून फोन हातात घेतला. तिने एका अंगठ्याने टाईप केली होती, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, मालवणी आणि पुस्तकी मराठी मिसळलेली. वाचत गेले तसं माझं हसू गेलं.

तिच्या गोष्टीत तांडेल बायकोला होडीतून समोरच्या बेटावर नेतो. तिने कधी बघितलं नाही म्हणून हौसेने नेतो. येताना तो प्यालेला असतो. होडीत उभा राहतो, तोल जातो, पाण्यात पडतो. दोरी तिच्या पायाशी असते. तो हाक मारतो, पण नावाने नाही. लग्न झाल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारलेलीच नसते, जी शिवी रोजची तीच त्याच्या तोंडात येते. ती दोरीकडे बघते. उचलत नाही. पाणी पुन्हा सपाट झाल्यावर ती वल्हं मारत किनाऱ्याला येते, घरी जाते, पाय धुते, आणि बांगड्याचं तिखलं नि भात पोटभर जेवते. तिथे गोष्ट संपली होती.

"खंय चुकलंय?" तिने विचारलं. तिला व्याकरणाचं विचारायचं होतं.

मी चुका दुरुस्त केल्या आणि तिने घेतलेल्या टोपणनावाने फांदी गटावर टाकली. मला ती जोरकस वाटली होती. इतपत धीर मी पहिल्या दिवशी दाखवला.

संध्याकाळपर्यंत गट पेटला. काहींना आवडली, पण त्या एकेका ओळीत बोलून गप्प बसल्या. ज्यांना आवडली नव्हती त्या लांबलचक लिहीत होत्या. 'आपल्या तांडेलाला असं मारायचा हिला काय अधिकार?' 'कोळ्यांच्या बायका सौभाग्यासाठी समुद्राला नारळ वाहतात, आणि ही?' 'उद्या कुणी हे वाचून तसं केलं तर जबाबदार कोण?' एकीने उलट विचारलं, 'मग थपडा वाचून कुणी थपडा मारल्या तर?' तिला कुणी उत्तर दिलं नाही. पुण्याच्या ॲडमिनने मला फोनच केला.

"बाई, त्याने मारलं तर तिने सोसावं असं माझं मुळीच म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण ही जेवते हो! माणूस बुडालाय आणि ही पोटभर जेवते. निदान रडायला हवी ना? वेड लागू दे, पकडली जाऊ दे, काहीही. शिक्षा नाही म्हणजे लेखिकेला ते पटलंय, असाच अर्थ होतो."

मला तेव्हा तिचं म्हणणं खोडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर विषय काढला.

"अगो, शेवट तेवढा बदल. तिला पस्तावा होऊ दे. निदान घास तरी उतरू नये तिच्या घशाखाली."

ती तांदळातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "पण ती जेवली, बाई."

"तू लिहिलंस म्हणून जेवली."

"मी तिका जेव म्हणान सांगूक नाय. मी आपला लिवत गेलंय आणि ती पानार बसली. आता तिका उठवू कशी?"

"लोक म्हणतात हे बरोबर नाही."

"बरोबर खंय म्हणतंय मी?" तिने आता माझ्याकडे बघितलं. "बरोबर आसा म्हणान लिवक नाय. तसां झालां, म्हणान लिवलंय. गोष्टीत."

तो 'गोष्टीत' तिने जरा थांबून म्हटला होता. माझ्या लक्षात राहिला आहे.

दुपारी घरी येऊन मी ती फांदी गटावरून काढली. खाली लिहिलं, 'गटाच्या भावना लक्षात घेऊन.' पण कारण तेवढंच नव्हतं. माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. शेवटचं वर्ष ती मला ओळखत नव्हती, भरवायला गेलं की चावायची. ती गेली त्या दिवशी सगळे विधी झाले, पाहुणे गेले, आणि मी सलग दहा तास झोपले. उठले तेव्हा अंग इतकं हलकं होतं की मला स्वतःची भीती वाटली. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पाद्रीलाही नाही. ती तांडेलाची बायको जेवायला बसली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझी झोप बघितली. म्हणून मला ती गोष्ट नजरेसमोर नको होती. आणि मी त्याला नीतीचं नाव दिलं.

इथवरच राहिलं असतं तर विसरूनही गेलो असतो. पण ॲडमिनांचं आपसात बोलणं चालू होतं. पुण्याची म्हणाली, 'असं लिहायला अनुभव लागतो. ही बाई आहे तरी कोण?' आणि मी लिहिलं, 'आमच्याच किनाऱ्यावरची. रोज बघते मी तिला. बिचारीचा नवराही असाच गेला.'

मला वाटलं, मी तिची बाजू सांभाळते आहे. बिचारी हा शब्द मी दया म्हणून लिहिला होता. त्या तीन वाक्यांचा फोटो निघून दुसऱ्या कुठल्या गटात गेला, तिथून तिसऱ्या. आमच्या गावातली मुंबईला असलेली एक सून ती कादंबरी वाचत होती. मी कुठल्या शाळेत शिकवते ते तिला ठाऊक होतं. रोज दिसणारी, नवरा बुडालेली, लिहिता-वाचता येणारी बाई आमच्या गावात एकच होती. आठ दिवसांत फांदीही सापडली. मी काढून टाकायच्या आधी कुणीतरी जपून ठेवली होती.

मला पहिल्यांदा कळलं ते सहावीच्या वर्गात. माझा तास सुरू व्हायचा होता. एका विद्यार्थिनीने स्वयंपाकाच्या बाईच्या मुलीला विचारलं, अगदी सहज, गणिताची वही मागावी तसं, "तुज्या आवशीन तुज्या बापाशीक दोरी टाकूक नाय मा?"

मुलीने दप्तर उघडता उघडता सांगितलं, "आई थंय नव्हतीच. मामाकडे बारशाक गेलली, नांदगावाक. मी पण होतंय वांगडा." तिच्या आवाजात रडू नव्हतं. म्हणजे हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. खडू घेऊन तारीख लिहिली.

ही गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. नवरा बुडाला त्या दिवशी ती समुद्रापासून कितीतरी लांब, नांदगावला भावाच्या घरी पाळण्याची दोरी ओढत होती. गावातलीच माणसं गाडी करून तिला आणायला गेली होती. बायका इथे मासेमारीच्या होडीत बसतही नाहीत. पण त्या आठ दिवसांत हे कुणाला आठवेना. जे घडलं होतं त्यापेक्षा जे लिहिलं होतं ते लोकांना जास्त खरं वाटू लागलं.

मग काही मुलांच्या दप्तरांत डबे दिसू लागले. "आईन सांगला शाळेतला जेवू नको." तिचा टोप अर्धा भरलेला परत जाऊ लागला. ती मात्र कट्ट्यावर आली की माझ्याशी पावसाचं बोलायची. हे कुणामुळे झालं ते तिला अजून कळलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

शेवटी शाळेच्या समितीची सभा लागली. सातवीच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर सगळे गुडघे वर करून बसलेले. अध्यक्ष दोन होड्यांचे मालक, वाईट माणूस नव्हे. मुख्याध्यापक कागद पुढे घेऊन बसलेले. ती दाराशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "विषय नाजूक आहे. कुणावर आरोप नाही. पण पालकांच्या मनात शंका आहे आणि मुलांच्या अन्नाचा प्रश्न आहे."

अध्यक्षांनी फोन बाकावर ठेवला. "ह्यां आमी सगळ्यांनी वाचला. बाई, तुमी मराठीच्या. तुमीच सांगा. मनात नसताना माणूस असला लिवता?"

मी म्हणाले, "लिहिणं वेगळं आणि करणं वेगळं. ही गोष्ट आहे. कादंबरीतल्या पात्रांची. तिच्याशी हिचा काही संबंध नाही."

"म्हणजे यात वायट काय नाय?"

"नाही."

"मगे तुमी ती काढलास कित्याक?"

वर्गात कुणीतरी खोकलं. मी दाराकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. फांदी काढणारी मीच, म्हणजे गटातलं आतलं बोलणंही माझ्याकडूनच बाहेर आलं, हे त्या क्षणी तिला कळलं असावं. मी म्हणाले, "गटाचे काही नियम असतात." अध्यक्ष वाट बघत राहिले. मी पुढे काही बोलले नाही. सांगण्यासारखं बरंच होतं. रागाच्या फांद्यांना बदाम दिले ते सांगता आलं असतं. माझ्या दहा तासांच्या झोपेचं सांगता आलं असतं. निदान एवढं तरी, की ही त्या दिवशी नांदगावला होती हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते वाक्य तिची अकरा वर्षांची मुलगी बोलू शकली होती, मी नाही.

सभेने तिला काढलं नाही. 'पालकांशी बोलून वातावरण निवळू द्यावं' असं लिहिलं. चार दिवसांनी तिनेच येऊन शेडची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली.

त्या रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर मी तशीच तिच्या घरी गेले. ती आत होती, बाहेर आली नाही. ओटीवर तिची सासू सुके बांगडे निवडत बसली होती. सत्तरीची, हाडं तेवढी राहिलेली. मला ओळखून म्हणाली, "बसा. फोनात ती गोष्ट आसा तुमच्याकडे?"

मी मान हलवली.

"वाचून दाखवा. सगळी येवन सांगतत, तुज्या सुनेन असां लिवला, तसां लिवला. वाचून कोण दाखवणा नाय. माका अक्षर येणा नाय."

मी म्हणाले, "कशाला आजी? नको."

"माजो झील गेलो, बाई. तुमचो नाय. वाचा."

मी वाचली. आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. शाळेत मी मोठ्याने वाचते तसा आवाज मला लागत नव्हता. तांडेलाच्या तोंडची शिवी आली तिथे मी अडखळले. म्हातारी म्हणाली, "वाचा, वाचा. तोच सबद तेच्या तोंडात. तेच्या बापाशीच्या पण." होडी काठाला आली. बायको जेवली. मी फोन खाली ठेवला.

म्हातारीने हातातला बांगडा टोपलीत टाकला. "फुडे?"

"पुढे नाही. इथेच संपते."

"ह्येच्यात सासू खंय आसा?"

"सासू नाही या गोष्टीत."

तिने समोरच्या माडांकडे बघितलं. मग म्हणाली, "मगे ह्यां आमचा न्हय. आमच्या घरात मी होतंय. तो तिका मारी तेवा मी हंय ओटयेर बसान ऱ्हवलेलंय. मी कदी उठाक नाय." आणि पदराने तोंड पुसून पुन्हा बांगडे निवडू लागली.

मला वाटलं, मिटलं. घरातल्या म्हातारीने सोडवलं म्हणजे गाव किती दिवस धरून बसेल? पण माणसाचं मन असं सरळ चालत नाही. तिने तोंडाने सुनेला निर्दोष ठरवलं, आणि त्याच आठवड्यापासून सुनेच्या हातचं जेवायची बंद झाली. भांडण नाही, शब्द नाही. स्वतःपुरती पेज करून घ्यायची आणि पाठ फिरवून खायची. हे मला शेजारणीकडून कळलं. गावाचं सून सोसत होती, हे तिला सोसलं नसावं. महिना संपायच्या आत मुलीला घेऊन ती भावाकडे नांदगावला गेली.

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मलाच भरावा लागला, वर्गशिक्षिका म्हणून. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर.' अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

मधल्या दिवसांत मी पाद्रीकडे गेले. पापनिवेदनाला बसले आणि सगळंच सांगत सुटले. गोष्ट, गट, थपडा, दोरी. तो तरुण आहे, गोव्यातून नवीन आलेला. मधेच थांबवून म्हणाला, "तिने काय लिहिलं ते तू कबूल करू नकोस. लोकांनी काय केलं तेही नको. तुझं काय ते सांग." मग माझ्या वाट्याला तीन वाक्यं उरली, जी मी ॲडमिनांना लिहिली होती. आणि एक गप्प बसणं. आईच्या मरणाचंही मी त्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, थकलेल्या माणसाची झोप पाप नव्हे. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला मात्र एवढंच वाटलं, की हे मला आधी ठाऊक असतं तर मी ती फांदी काढली नसती.

श्रावणात मी एसटीने नांदगावला गेले. हायवेवर एका खानावळीत ती घावनं घालत होती. मला बघून दचकली नाही. तव्यावरचं घावन काढून, दुसऱ्या बाईच्या हाती उलथनं देऊन मागच्या पडवीत आली. स्टूल पुढे केलं. स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

मी पाठ करून गेले होते तसं सगळं बोलले. ती तीन वाक्यं मीच लिहिली, त्यातून तुझं नाव फुटलं, सभेत मी तोंड मिटून बसले.

"म्हायत आसा," ती म्हणाली. "तो फोटो माज्या पण फोनार इलो."

"मी ती फांदी परत घालते गटावर. माझ्या नावाने घालते. काय व्हायचं ते होऊ दे."

"नको." ती लगेच म्हणाली. "आता जो कोण वाचतलो तो माका वाचतलो. गोष्ट कोण वाचूचा नाय. ती मेली."

आत तव्यावर पीठ पडल्याचा आवाज होत होता. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "तू का लिहिलीस गो ती? तू तर तिथे नव्हतीस."

"नव्हतंय म्हणानच मा." ती नखाला लागलेलं पीठ खरवडत होती. "लोकां सांगीत, तू असतंस तर तेका वाचवलं असतंस. चार वर्सां सांगतत. दर वक्ताक मी मान हलवी. पण माका खराच म्हायत नाय. मी थंय असतंय आणि दोरी पायाकडे असती, तर मी काय केलंय असतंय? ह्यां कोणाक विचारतलंय? म्हणान लिवन बघलंय. लिवताना माका वाटला होता, ती टाकतली दोरी. शेवटपर्यंत वाटत होता."

मी स्टुलावरून उठले.

"तुमच्यार राग आसा माजो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गोष्ट काढलास म्हणान नाय. तुमका नको होती, तुमी काढलास, तुमचो अधिकार. पण 'बिचारीचा नवराही असाच गेला' म्हणान लिवलास. थंय तुमी माका तेच्यात घातलास. मी स्वताक घातलंय नव्हतंय."

यावर मी माफी मागितली. ती तिने घेतली की नाही, मला सांगता येणार नाही. तिने विचारलं, "तुमका ती आवडलेली काय?"

"हो," मी म्हणाले. "गटातल्या सगळ्या फांद्यांत तीच खरी लिहिलेली होती. मी काढायच्या आधी चारदा वाचली."

"मगे तितक्या तरी सांगूचा होता. त्या दिसा, सगळ्यांच्या समोर." ती भिंतीपासून सुटी झाली. "येक माणूस म्हणतो, माका आवडली, तर माका उभ्या ऱ्हवाक बरा झाला असता."

आतून तिला हाक आली. बाहेर ट्रक थांबला होता, माणसं बाकड्यांवर बसत होती. ती आत गेली. मी एसटीची वाट बघत रस्त्यापलीकडे उभी राहिले तेव्हा ती मला दिसत होती. तिने परत बाहेर बघितलं नाही.

शाळेत आता दुसरी बाई शिजवते. मुलं जेवतात. मी ॲडमिनपण सोडलं आहे, गटात मात्र अजून आहे. सोडून जाणं मला फार सोपं वाटलं. परवा तिथे पुन्हा एक थोबाडीत आली, आणि पहाटेचा वळेसरही. खाली बदाम पडत होते. मी लिहिलं, 'हिने आज रात्री काय खाल्लं असेल?' कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं, आणि गट पुढे गेला.

चतुर्थीला ती मुलीला घेऊन दोन दिवस सासूकडे येऊन गेली असं कळलं. शाळेच्या बाजूला फिरकली नाही.